धाड पडली, माल पकडला. पुढे त्या मालाचं होतं काय?

बातमी नेहमीचीच असते. गोदामावर छापा, नामांकित कंपन्यांच्या नावाचे बनावट बूट, घड्याळं, शाम्पूच्या बाटल्या जप्त, दोघांवर गुन्हा दाखल. सोबत खोक्यांच्या ढिगाशेजारी उभ्या पोलिसांचा फोटो. दुसऱ्या दिवशी बातमी शिळी होते. पण तो ढीग कुठे जातो, कुणाच्या मालकीचा होतो, त्याचा लिलाव होतो की चुरा, आणि हे ठरवतं कोण, याबद्दल बातमीत एक अक्षर नसतं.

पुष्कळांची समजूत अशी असते की पोलिसांनी पकडलं म्हणजे माल सरकारचा झाला. तसं होत नाही. पकडण्यापासून नष्ट करण्यापर्यंतचा रस्ता बराच लांब आहे आणि त्यात काही वळणं चक्रावून टाकणारी आहेत. उदाहरणार्थ, आरोपी निर्दोष सुटला तरी त्याचा माल जाऊ शकतो. हे ऐकून अन्याय वाटतो, पण त्यामागचा विचार कळला की बाकीचा कायदाही उलगडतो: माणसाचा दोष आणि वस्तूचा दोष कायदा वेगवेगळा तोलतो.

जप्त, सरकारजमा, नष्ट: तीन वेगळ्या गोष्टी

ट्रेडमार्क म्हणजे माल कुणाकडून आला हे सांगणारी खूण. नाव, चित्र, अक्षरांची ठेवण, बाटलीचा आकार, रंगांची ठरावीक जुळणी, यातलं काहीही ट्रेडमार्क असू शकतं. ज्याची ती खूण, त्याच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याच मालावर लावली की तो माल बनावट.

जप्ती म्हणजे माल ताब्यात घेणं. पंचनामा होतो, खोक्यांना सील लागतं आणि माल ‘मुद्देमाल’ म्हणून ठेवला जातो. मालकी अजून बदललेली नसते. सरकारजमा होणं म्हणजे मालकी जाणं. तो अधिकार न्यायालयाचा, आणि आयात मालाच्या बाबतीत कस्टम्स अधिकाऱ्याचा. छापा टाकणाऱ्या पोलिसाला तो नाही. नाश हा त्यानंतरचा, स्वतंत्र हुकूम.

आपल्याकडे यासाठी मुख्य कायदा आहे तो ट्रेडमार्क कायदा, १९९९. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. खोटा ट्रेडमार्क लावणं हा कलम १०३ खालचा गुन्हा आणि असा माल विकणं किंवा विक्रीसाठी बाळगणं हा कलम १०४ खालचा. दोन्हींना किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने व्यापाराशी संबंधित बऱ्याच बारीकसारीक गुन्ह्यांची शिक्षा काढून टाकली, पण या दोन कलमांना हात लावला नाही. मालाचं काय करायचं ते कलम १११ सांगतं, आणि हा लेख मुख्यतः त्याच कलमाभोवती फिरतो.

बनावट कशाला म्हणायचं आणि कशाला नाही

साधं उदाहरण सगळ्यांना कळतं: कुणीतरी बूट बनवला आणि त्यावर प्रसिद्ध कंपनीचं चिन्ह छापलं. पण कलम १०२ यापुढे जातं. अस्सल कंपनीची वापरून टाकलेली बाटली उचलायची, लेबल जसंच्या तसं ठेवायचं आणि आत दुसरंच तेल भरायचं, हाही खोटा ट्रेडमार्क लावण्याचाच प्रकार आहे. बाटली खरी, लेबल खरं, तरी माल बनावट. म्हणूनच अशा छाप्यांत रिकाम्या बाटल्या, झाकणं आणि पुठ्ठ्याची खोकी यांच्याही याद्या होतात.

उलट, बाहेरच्या देशातून अधिकृत वितरकाला वगळून आणलेला अस्सल माल बनावट नसतो. तो स्वस्त असेल, त्यावर इथली वॉरंटी मिळत नसेल, कंपनी त्यावर नाराजही असेल. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये अशा आयातीच्या बाजूने निकाल दिला होता, मात्र त्या मालाची वॉरंटी आपण देतो, मूळ कंपनी देत नाही, हे ग्राहकाला स्पष्ट दिसलं पाहिजे अशा अटीवर. अशा मालाला सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणणं चूक आहे.

मालासोबत आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे साधनं. कलम १११ ची भाषा अशी आहे की ज्या वस्तूंनी किंवा ज्या वस्तूंच्या संबंधात गुन्हा झाला, त्या सगळ्या सरकारजमा करता येतात. म्हणजे साचे, ठसे, छपाईच्या प्लेटा, लेबलांची भेंडोळीसुद्धा. माझ्या मते यातली खरी मोलाची जप्ती हीच. पाचशे बूट गेले तर महिन्याभरात पुन्हा तयार होतात. चांगला साचा गेला तर धंदा बसतो.

दुकानदाराला माहीतच नव्हतं. तरी माल जाणार?

हो, जाऊ शकतो. समजा दुकानदाराने ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून रीतसर बिलाने माल घेतला. भाव संशय यावा इतका कमी नव्हता. नंतर कळलं की माल नकली. कलम १०४ त्याला बचावाची जागा देतं: आपण शक्य ती सगळी खबरदारी घेतली होती आणि संशयाला कारण नव्हतं, माल कुणाकडून आला याची माहिती असेल तेवढी सगळी विचारल्यावर दिली, किंवा आपण एकूण निर्दोष हेतूने वागलो, हे त्याने दाखवायचं असतं. ते पटलं तर तो सुटतो. तुरुंग नाही, दंड नाही.

पण त्याच निकालात न्यायाधीश माल सरकारजमा करण्याचा हुकूम देऊ शकतात. कलम १११ मध्ये तसं उघड लिहिलं आहे: दोषी ठरवतानाही आणि या कारणांनी निर्दोष सोडतानाही. ‘शकतात’ हा शब्द महत्त्वाचा, कारण ही सक्ती नाही. तो न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे.

हे विचित्र वाटत असेल तर खोट्या नोटेचा विचार करा. बँकेत भरणा करताना तुमच्या गड्डीत एक खोटी नोट निघाली. तुम्ही ती छापलेली नाही, तुम्हाला ती कुणीतरी दिली. तरी बँक ती परत देत नाही. तिच्यावर शिक्का मारते, ठेवून घेते, पावती देते आणि खात्यात एक पैसा जमा करत नाही. एका व्यवहारात चारपर्यंत अशा नोटा निघाल्या तर लगेच स्वतंत्र गुन्हाही नोंदवला जात नाही. म्हणजे तुमच्यावर संशय नाही, पण नोट मात्र पुन्हा बाजारात जाणार नाही. नोट परत दिली तर ती पुढच्या माणसाच्या गळ्यात पडेल, आणि तो माणूस तुमच्याइतकाच निर्दोष असेल.

बनावट मालाचंही तेच. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याच्या फळीवरचा खोटा ट्रेडमार्क प्रामाणिक होत नाही. नुकसान दुकानदाराचं होतं, हे खरं. ते त्याने वसूल करायचं ते त्याला माल देणाऱ्याकडून, विक्रीच्या कायद्याखाली. रक्कम मिळेलच याची खात्री अर्थात कुणी देत नाही, कारण असा पुरवठादार छाप्यानंतर फोन उचलत नाही.

अशा दुकानदाराला अपिलाची वाट आहे. निर्दोष सुटूनही माल गेला, तर तीस दिवसांत अपील करता येतं, फक्त मालाची किंमत पन्नास रुपयांपेक्षा जास्त हवी. पन्नास! १९९९ साली केलेल्या कायद्यात ही रक्कम वाचून थोडं हसू येतं. पण त्यामुळे व्यवहारात जवळजवळ प्रत्येकालाच अपील खुलं राहतं, तेव्हा तक्रार करायला जागा नाही.

चांगला माल आहे, लेबल उपटा आणि गरजूंना वाटा की!

हा सगळ्यात रास्त आक्षेप. खोटी नोट हा नुसता कागद असतो, पण खोट्या नावाचा बूट पायात घालता येतो. तो फाडून फेकायचा हे कुणाच्याही मनाला खुपतं.

आधी नियम पाहू. जागतिक व्यापार संघटनेचा ‘ट्रिप्स’ करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे आणि भारत त्यात आहे. त्याचं अनुच्छेद ४६ म्हणतं की न्यायालयाला असा माल, कोणतीही भरपाई न देता, व्यापाराच्या प्रवाहाबाहेर घालवण्याचा किंवा नष्ट करण्याचा अधिकार असला पाहिजे. पुढे एक ठाम वाक्य आहे: बनावट ट्रेडमार्कच्या मालावरचं चिन्ह नुसतं काढून टाकणं, अपवाद वगळता, तो माल बाजारात सोडायला पुरेसं नाही.

इतका कडकपणा कशासाठी? कारण लेबल ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज पुन्हा लावता येणारी गोष्ट आहे. लिलावात साधा बूट म्हणून घेतलेला माल दोन दिवसांत पुन्हा ‘ब्रँडेड’ होऊ शकतो. शिवण, सोलचा आकार, रंग, खोक्याची घडण, सगळं नकलेसाठीच बेतलेलं असतं. वर बनवणाऱ्याला स्वतःचाच माल लिलावात स्वस्तात परत घेता येतो.

यावर देशादेशांत भांडण झालेलं आहे. चीनच्या कस्टम्सने पकडलेल्या मालाचं काय करायचं यासाठी तिथल्या नियमांत एक क्रम होता: आधी समाजोपयोगी संस्थांना दान, नाहीतर ट्रेडमार्कच्या मालकाला विक्री, तेही जमलं नाही तर चिन्ह काढून लिलाव, आणि सगळ्यात शेवटी नाश. अमेरिकेने २००७ मध्ये याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. जानेवारी २००९ मध्ये आलेल्या निकालात दानाच्या तरतुदीवरचा अमेरिकेचा आक्षेप टिकला नाही. चिन्ह काढून लिलाव करणं मात्र कराराशी विसंगत ठरलं. म्हणजे दान चालेल, पण बाजारात परत जाण्याची फट चालणार नाही.

खुद्द अमेरिकेच्या कायद्यात, माल धोकादायक नसेल आणि ट्रेडमार्कच्या मालकाची संमती असेल, तर चिन्ह मिटवून तो सरकारी खात्याला किंवा धर्मादाय संस्थेला देता येतो. ब्रिटनच्या १९९४ च्या कायद्यात नाश हा मूळ नियम आहे, पण खोटं चिन्ह काढण्याच्या अटीवर न्यायालय माल ठरावीक व्यक्तीकडे सोपवू शकतं. आपलं कलम १११ सुद्धा ‘नष्ट करावा किंवा न्यायालयाला योग्य वाटेल तशी अन्य विल्हेवाट लावावी’ असं म्हणतं. म्हणजे दार इथेही किलकिलं आहे. ते फारसं ढकललं जात नाही, इतकंच.

पण कोणता माल वाटायचा, इथे थांबून विचार करायला हवा. सदरे आणि चादरी ठीक. चार्जर? हेल्मेट? ब्रेकचे भाग? चेहऱ्याला लावायची क्रीम? यांची कुणी चाचणी केलेली नसते, आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत. गरजू माणसाला फुकट दिलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीत फुटलं तर ते दान कसलं? बनावट औषधांचा तर प्रश्नच नाही, त्यांच्यासाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० वेगळा आणि कडक आहे. कपड्यांबाबत मात्र माझं मत सरळ आहे: चिन्ह पुरतं काढता येत असेल आणि कंपनीची हरकत नसेल, तर कपडे फाडण्यात कुणाचंच भलं नाही. त्यासाठी कुणीतरी बसून हजारो शिवलेली चिन्हं उसवायला हवीत, आणि तो खर्च कुणी उचलायचा इथे घोडं अडतं.

पोलीस ठाण्याऐवजी थेट दिवाणी न्यायालय

प्रत्यक्षात पुष्कळ कंपन्या फौजदारीपेक्षा दिवाणी दाव्याचा रस्ता धरतात. न्यायालय समोरच्याला न ऐकताही तातडीचा मनाई हुकूम देऊ शकतं आणि गोदामाची झडती घ्यायला कोर्ट कमिशनर नेमू शकतं. बनावट माल विकणारा नेमका कोण हे ठाऊक नसेल, तर आपल्याकडे दावा ‘अशोक कुमार’ नावाच्या काल्पनिक प्रतिवादीवर लावायची पद्धत आहे. बिचारा अशोक कुमार देशातल्या कितीतरी दाव्यांत प्रतिवादीच्या जागी उभा आहे.

कमिशनर मालाची यादी करतो, सील करतो, आणि बऱ्याचदा तो माल सुपूर्दनाम्यावर प्रतिवादीच्याच ताब्यात ठेवतो: मागाल तेव्हा हजर करीन, विकणार नाही, अशी हमी घेऊन. पुढे अनेक दावे तडजोडीत मिटतात. प्रतिवादी कबुली देतो आणि वादीच्या प्रतिनिधीसमोर माल नष्ट होतो.

एक गोष्ट इथे खटकते. दिवाणी उपाय सांगणारं कलम १३५ ‘लेबलं आणि चिन्हं’ नाश करण्यासाठी किंवा पुसण्यासाठी ताब्यात देण्याबद्दल बोलतं, ‘माल’ हा शब्द तिथे नाही. न्यायालयं हुकूमनाम्यात माल, वेष्टनं, साचे सगळं घेतात, त्यामुळे अडत नाही. पण नुसतं लेबल काढणं पुरेसं नाही हे जग मान्य करत असताना कायद्याच्या शब्दांनी लेबलाशीच थांबावं, हे सुधारायला हवं.

बंदरावर अडवलेला माल

परदेशातून येणाऱ्या मालासाठी २००७ चे वेगळे नियम आहेत. कंपनी आपला ट्रेडमार्क कस्टम्सकडे नोंदवते. संशयित माल आला की कस्टम्स तो रोखतं आणि कंपनीला कळवतं. कंपनीने दहा कामकाजी दिवसांत, मुदत वाढली तर आणखी दहा दिवसांत, कारवाईत सामील व्हायचं. नाही झाली तर, बाकी अटी पूर्ण असल्यास, माल सुटतो. नाशवंत मालाला ही मुदत तीनच दिवसांची आणि वाढवून आणखी चार.

माल बनावट ठरला की तो सरकारजमा होतो. योगायोग म्हणजे कस्टम्स कायदा, १९६२ मध्येही सरकारजमा करण्याचं कलम १११ च आहे. एरवी सरकारजमा झालेल्या मालाचा कस्टम्स लिलाव करतं. इथे तसं नाही. अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली नाश, किंवा कंपनीची ना-हरकत घेऊन नेहमीच्या बाजाराबाहेर विल्हेवाट. आहे त्या स्थितीत माल परत पाठवायलाही बंदी आहे, नाहीतर तोच माल दुसऱ्या देशाच्या बंदरावर उतरेल.

आणि खर्च? नाशाचा, गोदामभाड्याचा, अडकलेल्या कंटेनरच्या भाड्याचा खर्च कंपनीवर. ज्याच्या नावाची चोरी झाली त्यानेच चोरीचा माल जाळायचे पैसे द्यायचे, हे उफराटं वाटतं. पण आयातदार बऱ्याचदा सापडत नाही किंवा नाव कागदापुरतं असतं. लहान कंपन्या हा आकडा पाहून मागे हटतात, आणि त्यांचा बनावट माल आत येतो. या व्यवस्थेतला सगळ्यात कच्चा दुवा मला हाच वाटतो.

खटला संपेपर्यंत माल सडायचा?

फौजदारी खटल्यात माल हाच पुरावा, म्हणून तो जपून ठेवायचा. खटला वर्षानुवर्षं चालतो. तोवर पोलीस ठाण्याच्या आवारात खोकी भिजतात, उंदीर कुरतडतात, आणि कधी कधी मालाला पाय फुटतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच गुजरातमधल्या एका प्रकरणात बजावलं होतं की मुद्देमाल ठाण्यात फार दिवस ठेवू नये, फार तर पंधरा दिवस ते महिना.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याने, हीच गोष्ट कलम ४९७ मध्ये कालमर्यादेसह घातली. माल हजर केल्यापासून चौदा दिवसांत न्यायालयाने त्याचं वर्णन तयार करायचं, फोटो आणि व्हिडिओ काढून घ्यायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम द्यायचा. पुढे खटल्यात फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून चालतो. बनावट मालाच्या बाबतीत मात्र शिवण, कागदाचा पोत, होलोग्रामची छपाई हाच वाद असतो, आणि तो व्हिडिओत नेहमी दिसत नाही. तेव्हा नमुने वेगळे सीलबंद ठेवून बाकीचा ढीग हलवणं शहाणपणाचं.

नाश म्हणजे होळी नव्हे

टीव्हीवर रोड रोलर घड्याळांवरून जाताना दिसतो. दृश्य छान, पण त्यात सगळा नाश येत नाही. बुटांत रबर आणि गोंद, अत्तरात अल्कोहोल, चार्जरमध्ये तांबं, बॅटरीत घातक रसायनं. उघड्यावर जाळलं की सगळं हवेत. म्हणून कपडे-चामडं यंत्रात कापून चिंध्या करतात, इलेक्ट्रॉनिक माल अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातो, आणि काही घातक कचरा सिमेंटच्या भट्टीत जातो, जिथे तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या वर असतं. नाश साक्षीदारांसमोर, मोजदाद करून, चित्रीकरणासह व्हायला हवा. दहा हजार नग जप्त आणि नऊ हजार नष्ट, अशी तफावत राहिली तर उरलेले हजार पुन्हा बाजारात.

आणि माल अस्सल निघाला तर?

ही भीती खोटी नाही. प्रतिस्पर्ध्याला दिवाळीखोर करायला एक छापा पुरतो. म्हणून कलम ११५ मध्ये अडसर आहेत. वॉरंटशिवाय झडती-जप्ती करायची तर अधिकारी किमान पोलीस उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा हवा, आणि त्याने आधी ट्रेडमार्क निबंधकाचं मत घ्यायचं. ते मत त्याच्यावर बंधनकारक. ज्याचा माल उचलला गेला त्याला पंधरा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे तो परत मागता येतो. शिवाय कलम ११३ प्रमाणे, समोरच्याच्या ट्रेडमार्कची नोंदणीच अवैध आहे असं आरोपीचं म्हणणं असेल आणि ते वरकरणी टिकणारं असेल, तर न्यायालय खटला थांबवून नोंदणीला आव्हान द्यायला तीन महिने देतं.

पंधरा दिवस फार नसतात. त्यात पंचनाम्याची प्रत मिळवायची, बिलं शोधायची, वकील गाठायचा. ज्या व्यापाऱ्याकडे खरेदीची बिलं आणि पुरवठादाराचा पत्ता तयार असतो, त्याचा अर्ज टिकतो, आणि कलम १०४ चा बचावही त्याच कागदांवर उभा राहतो.

ग्राहकाने मात्र घाबरायचं कारण नाही. कायदा विकणाऱ्याच्या आणि विक्रीसाठी बाळगणाऱ्याच्या मागे आहे. स्वतः वापरायला घेतलेली नकली वस्तू त्याच्या कक्षेत येत नाही, आणि कस्टम्सचे २००७ चे नियमही प्रवाशाच्या सामानातल्या वैयक्तिक, बिगरव्यापारी वस्तूंना लागू नाहीत.